हायड्रोजन बंधावर विद्युत-विभवाचे नियंत्रण : रेणवीय अभिज्ञानाच्या संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

असंख्य रेणूंच्या गर्दीतून एखादा रेणू आपला जोडीदार नेमका कसा निवडतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रात स्पष्टपणे मांडला गेला. त्याचे पहिले उत्तर आकाराच्या परिभाषेत देण्यात आले. त्याच सुमारास रसायनशास्त्राच्या दुसऱ्या एका शाखेत द्रावणातील पदार्थांचे विद्युत-विभव मोजण्याचे शास्त्र आकार घेत होते. रेणूंच्या परस्पर ओळखीचा, म्हणजेच रेणवीय अभिज्ञानाचा अभ्यास आणि विद्युत-विभवाचा अभ्यास या दोन परंपरा जवळजवळ शंभर वर्षे शेजारी शेजारी वाढल्या. परंतु त्यांचा परस्परांशी फारसा संवाद झाला नाही. १९९५ व १९९६ या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या काही शोधनिबंधांनी हा संवाद घडवून आणला. इलेक्ट्रोडवरील विभव बदलून दोन रेणूंमधील हायड्रोजन बंध हवा तेव्हा बळकट व हवा तेव्हा शिथिल करता येतो, हे त्यांतून सिद्ध झाले.

प्रस्तुत निबंधात या संगमापर्यंतचा प्रवास व त्यानंतर उपस्थित झालेले प्रश्न यांचा आढावा घेतला आहे. अभिज्ञान हा रेणूच्या घडणीत कायमचा कोरलेला गुण नसून तो रेणूच्या इलेक्ट्रॉनिक अवस्थेनुसार बदलतो, ही जाणीव या इतिहासाचे खरे फलित आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. कुलूप-किल्लीचे रूपक

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी शर्करांच्या समघटकांचा सखोल अभ्यास केला होता. ग्लुकोजपासून मिळणाऱ्या दोन ग्लायकोसाइडांची अणुसंख्या व अणुजोडणी एकच असते. फरक असतो तो केवळ एका कार्बन अणूवरील अवकाशीय मांडणीचा. तरीही यीस्टमधील एंझाइम त्यांपैकी एकाचेच विघटन करते, तर बदामातून मिळणारे इमल्सिन दुसऱ्याचे. या निरीक्षणाचे स्पष्टीकरण देताना फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप आणि किल्ली यांचे रूपक वापरले. एंझाइम व त्याचा क्रियाधार यांच्या आकारांत तशीच अनुरूपता असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे रूपक अतिशय फलदायी ठरले. मात्र त्यात एक गृहीत दडलेले होते. कुलूप घडवले की त्याचा आकार ठरला आणि कोणती किल्ली लागणार हेही कायमचे ठरले, असे त्यातून सूचित होत होते. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँड यांनी क्रियाधाराच्या सान्निध्यात एंझाइमचा आकार बदलतो, असा प्रेरित अनुरूपतेचा सिद्धांत मांडून या गृहीताला पहिला धक्का दिला. तथापि, त्यांच्याही मांडणीचा केंद्रबिंदू आकार हाच होता. आकार तोच असताना रेणूवरील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली तर ओळखीचे काय होते, हा प्रश्न अद्याप या परंपरेच्या कक्षेत आलेला नव्हता.

२. हायड्रोजन बंधाचा स्वीकार

कुलूप आणि किल्ली यांना एकत्र धरून ठेवणारे बल कोणते, याचे फिशर यांच्या काळात समाधानकारक उत्तर नव्हते. १९२० मध्ये बर्कली येथील वेंडेल लॅटिमर व वर्थ रोडबुश यांनी पाण्याच्या गुणधर्मांचे विवेचन करताना, एकच हायड्रोजन केंद्रक दोन अणूंच्या इलेक्ट्रॉन-अष्टकांना जोडून ठेवू शकते, अशी कल्पना मांडली. लायनस पॉलिंग यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक बंधावरील ग्रंथात या बंधाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि जीवशास्त्रातील त्याच्या महत्त्वाविषयी ठाम अपेक्षा व्यक्त केली. १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली तेव्हा ही अपेक्षा पूर्णत्वास गेली.

डीएनएच्या शोधातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. जेम्स वॉटसन यांनी आधारकांच्या जोड्या जुळवताना प्रथम पाठ्यपुस्तकात दिलेली ईनॉल रूपे वापरली होती. केंब्रिज येथे त्याच कार्यालयात बसणारे स्फटिकशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी ती रूपे अयोग्य असून कीटो रूपे ग्राह्य धरली पाहिजेत, असे निदर्शनास आणले. हायड्रोजन अणूंचे स्थान बदलताच दाता आणि ग्राहक यांचा क्रम बदलला आणि अ‍ॅडेनीन-थायमीन व ग्वानीन-सायटोसीन या जोड्या जुळून आल्या. रेणूचा एकूण सांगाडा जवळपास तोच राहूनही त्याची ओळख पालटू शकते, याचा हा वस्तुपाठ होता. येथे बदल अणूच्या स्थानाचा होता. इलेक्ट्रॉनांच्या संख्येत बदल घडवून तसाच परिणाम साधण्यासाठी मात्र आणखी चार दशके जावी लागली.

३. विभवमापनाची परंपरा

दुसरी परंपरा वॉल्थर नेर्न्स्ट यांच्या १८८९ च्या समीकरणापासून सुरू होते. द्रावणातील पदार्थाच्या ऑक्सिडीभूत व क्षपित रूपांचे गुणोत्तर आणि इलेक्ट्रोडचा विभव यांचा संबंध या समीकरणाने निश्चित केला. १९२२ मध्ये प्राग येथे यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी थेंबाथेंबाने पडणाऱ्या पाऱ्याचा इलेक्ट्रोड वापरून पोलॅरोग्राफी ही पद्धत विकसित केली. पुढे जपानी शास्त्रज्ञ मासुझो शिकाता यांच्या सहकार्याने त्यांनी वक्र आपोआप नोंदवणारे उपकरण तयार केले. या कार्यासाठी हेरॉव्हस्की यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या परंपरेत बंधनाचा विचार पूर्णतः अनुपस्थित होता, असे म्हणता येणार नाही. धातूचा आयन एखाद्या लिगंडशी संयुग बनवतो तेव्हा त्याच्या क्षपणाचा अर्धतरंग विभव सरकतो आणि त्या सरकण्यावरून संयुगाचा स्थैर्यांक काढता येतो, हे जेम्स लिंगेन यांनी १९४१ मध्ये सविस्तर दाखवले होते. विभवातील बदल हे बंधनाचे माप आहे, ही मूलभूत कल्पना अशा प्रकारे उपलब्ध होती. तिचा वापर मात्र प्रामुख्याने पाण्यातील धातू-आयनांपुरता मर्यादित राहिला.

सेंद्रिय रेणूंच्या बाबतीत मोठी अडचण पाण्याचीच होती. क्विनोनसारखा रेणू पाण्यात क्षपित होताना सामान्यतः दोन इलेक्ट्रॉनांबरोबर दोन प्रोटॉनही घेतो. मधली अवस्था, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन स्वीकारलेले सेमीक्विनोन, क्वचितच हाती लागते. लिओनॉर मायकेलिस यांनी १९३० च्या दशकात अशा मधल्या अवस्थांचे अस्तित्व विभवमापनाच्या आधारे दाखवले तेव्हा त्याकडे आरंभी साशंकतेने पाहिले गेले. पुढे अ‍ॅसिटोनायट्राइल, डायमिथिलफॉर्मामाइड, डायक्लोरोमिथेन यांसारखी प्रोटॉन न देणारी विद्रावके प्रचारात आली आणि १९६४ मध्ये रिचर्ड निकोलसन व अर्विंग शेन यांनी चक्रीय व्होल्टॅमेट्रीची सैद्धांतिक बैठक पक्की केली. अशा विद्रावकांत क्विनोन एकेक इलेक्ट्रॉन दोन स्वतंत्र टप्प्यांत स्वीकारतो. परिणामी पहिल्या टप्प्यातील ऋणभारित मूलकाचा, म्हणजे मूलक-ऋणायनाचा, निवांत अभ्यास करणे शक्य झाले.

४. निसर्गाने घातलेले कोडे

दोन्ही परंपरांना एकत्र येण्यास भाग पाडणारे कोडे जीवरसायनशास्त्रातून आले. ओटो वारबुर्ग व वॉल्टर ख्रिश्चन यांनी १९३२ मध्ये यीस्टमधून पिवळे एंझाइम वेगळे केले. ह्यूगो थिओरेल यांनी लवकरच दाखवून दिले की, या एंझाइमचे प्रथिन आणि पिवळा फ्लेविन घटक असे दोन भाग करता येतात, ते स्वतंत्रपणे निष्क्रिय असतात आणि पुन्हा एकत्र आणले असता क्रियाशीलता परत येते. त्यानंतर फ्लेविनयुक्त अनेक एंझाइमे सापडली. त्यांतील फ्लेविन रेणूंचे क्रियाशील वलय बहुतांशी एकच असले तरी त्यांचे विभव मात्र परस्परांहून फार भिन्न होते. पाण्यातील मुक्त फ्लेविनचा विभव सुमारे उणे ०.२१ व्होल्ट असतो. काही फ्लॅव्होडॉक्सिन प्रथिनांत क्षपणाच्या एका टप्प्याचा विभव उणे ०.४ व्होल्टपर्यंत खाली जातो.

प्रकाशसंश्लेषक जीवाणूंच्या अभिक्रिया-केंद्रातही असेच आढळते. अशा केंद्राची स्फटिकरचना प्रथम उलगडणाऱ्या योहान डायझेनहोफर, रॉबर्ट ह्युबर व हार्टमुट मिशेल यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडिस या जीवाणूच्या केंद्रात युबिक्विनोनचे दोन रेणू असतात. रासायनिकदृष्ट्या ते एकसारखे आहेत. तरीही पहिला रेणू एक इलेक्ट्रॉन घेऊन तो पुढे देतो व स्वतः जागचा हलत नाही. दुसरा दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन स्वीकारून आपली जागा सोडून निघून जातो. एकाच रेणूला दोन भूमिका मिळतात त्या भोवतालच्या प्रथिनामुळे. प्रथिनातील भार, विद्रावकाचा अभाव, वलयांची परस्परांवरील मांडणी आणि हायड्रोजन बंध असे अनेक घटक तेथे एकाच वेळी कार्यरत असतात. त्यांपैकी हायड्रोजन बंधाचा वाटा किती, हे प्रत्यक्ष प्रथिनात वेगळे काढणे अवघड होते. त्यासाठी एकच घटक असलेली साधी प्रतिकृती आवश्यक होती.

५. दोन प्रवाहांचा संगम

प्रतिकृती घडवण्याची भाषा आणि साधने अतिरेणवीय रसायनशास्त्राने पुरवली. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये क्राउन ईथरांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. ज्याँ-मारी लेन व डोनाल्ड क्रॅम यांनी त्या दिशेने पुढील कार्य केले आणि तिघांनाही १९८७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८० च्या दशकात लुइस एचेगोयेन, जॉर्ज गोकेल व एंजल काइफर यांनी क्राउन ईथरांना नायट्रोबेंझीन किंवा अँथ्राक्विनोन यांची जोड देऊन, क्षपणानंतर हे यजमान रेणू धातू-आयनांना अधिक घट्ट धरतात, हे दाखवले. विद्युत-रासायनिक नियंत्रण येथे साध्य झाले होते. मात्र त्यामागील आकर्षण मुख्यतः धन व ऋण भारांचे होते. जीवसृष्टीतील ओळखीला दिशा आणि नेमकेपणा देणारा हायड्रोजन बंध त्यात नव्हता.

१९९५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट येथील व्हिन्सेंट रोटेलो व सहकाऱ्यांनी फ्लेविनच्या एका साधित रूपासमोर डायअमिडोपिरिडीन हा साधा यजमान ठेवला. फ्लेविनच्या कडेला दोन कार्बोनिल ऑक्सिजन व त्यांच्यामध्ये एक नायट्रोजन-हायड्रोजन गट असतो. यजमानाची मांडणी याच्या नेमकी उलट असल्याने तीन हायड्रोजन बंध एकाच वेळी जुळतात. यजमान मिसळल्यावर फ्लेविनच्या क्षपणाचा विभव सुमारे १५० मिलिव्होल्टने धन बाजूकडे सरकला. याचा अर्थ असा की, इलेक्ट्रॉन स्वीकारल्यावर फ्लेविनच्या ऑक्सिजन अणूंवरील ऋणभार वाढतो, ते अधिक समर्थ ग्राहक बनतात आणि त्यांचे यजमानाशी असलेले बंधन कित्येक शेकडो पटींनी वाढते.

१९९६ मध्ये सॅन डिएगो राज्य विद्यापीठातील डायन स्मिथ व सहकाऱ्यांनी आणखी साधे उदाहरण पुढे आणले. फेनँथ्रीनक्विनोनचे दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी असतात आणि युरियाच्या साधितांतील दोन नायट्रोजन-हायड्रोजन गटही तसेच शेजारी असतात. उदासीन अवस्थेतील क्विनोन युरियाची फारशी दखल घेत नाही. एक इलेक्ट्रॉन मिळताच मात्र तो त्याला घट्ट धरतो. येथे खास घडवलेला, गुंतागुंतीचा यजमान नव्हता. बाजारात सहज मिळणारा रेणूही केवळ एका इलेक्ट्रॉनाच्या बळावर निवडक ग्राही बनू शकतो, हे या प्रयोगाचे वेगळेपण होते. याच गटाने २००५ मध्ये नायट्रोबेंझीनसारख्या आणखी साध्या रेणूंच्या बाबतीतही हे तत्त्व लागू पडते, असे दाखवले.

६. मोजमापाचा अर्थ

या प्रयोगांचे तर्कशास्त्र एका चौकोनाच्या साहाय्याने समजून घेता येते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर मुक्त ऑक्सिडीभूत रूप, मुक्त क्षपित रूप, बद्ध ऑक्सिडीभूत रूप व बद्ध क्षपित रूप यांची कल्पना करावी. आडव्या बाजू इलेक्ट्रॉन-देवघेवीच्या, उभ्या बाजू बंधनाच्या. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कोणत्याही वाटेने गेले तरी एकूण ऊर्जाबदल समानच राहिला पाहिजे, असे ऊष्मागतिकी सांगते. त्यामुळे क्षपणाने बंधन बळकट होत असेल, तर बंधनाने क्षपण सुलभ झालेच पाहिजे. मुक्त व बद्ध रूपांच्या विभवांतील फरक आणि दोन समतोलांकांचे गुणोत्तर ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे होत. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एका इलेक्ट्रॉनासाठी दर दसपट वाढीमागे हा फरक सुमारे ५९ मिलिव्होल्टचा असतो. ११८ मिलिव्होल्ट म्हणजे शंभरपट व सुमारे १७७ मिलिव्होल्ट म्हणजे हजारपट.

परंतु विभव सरकला एवढ्यावरून हायड्रोजन बंध सिद्ध होतो काय? हा प्रश्न या क्षेत्राच्या विश्वासार्हतेशी निगडित आहे. ऋणभारित मूलकाजवळ आम्लधर्मी पाहुणा आला, तर तो हायड्रोजन अर्धवट वाटून घेण्याऐवजी प्रोटॉन पूर्णपणे देऊन टाकू शकतो. त्याही स्थितीत विभव धन बाजूकडेच सरकतो. विद्रावकात विद्युतवहनासाठी मिसळलेल्या क्षाराचा धन-आयन लिथियमसारखा लहान असेल, तर तोही मूलकाशी जोडी जमवून असाच परिणाम घडवतो. म्हणून असे प्रयोग बहुधा टेट्राब्यूटिलअमोनियमसारख्या मोठ्या आयनाच्या क्षारांत केले जातात. बंध आणि प्रोटॉन-प्रदान यांतील भेद ओळखण्यासाठी वक्राचा आकार काळजीपूर्वक पाहावा लागतो. परतीचे शिखर शाबूत असेल आणि पाहुण्याच्या प्रमाणानुसार विभव टप्प्याटप्प्याने सरकत असेल, तर हायड्रोजन बंधाच्या निष्कर्षाला आधार मिळतो. परतीचे शिखर नाहीसे होऊन पुढच्या शिखराची उंची वाढू लागली, तर प्रोटॉन-प्रदानाची शंका घेणे भाग पडते.

नीरज गुप्ता व हेन्री लिनशिट्झ यांनी १९९७ मध्ये क्विनोनांवर अल्कोहोलांसारख्या पदार्थांचा प्रभाव अभ्यासून हा भेद अधिक स्पष्ट केला. एक इलेक्ट्रॉन घेतलेल्या रूपापेक्षा दोन इलेक्ट्रॉन घेतलेल्या रूपावर हायड्रोजन बंधाचा परिणाम कितीतरी अधिक होतो, हे त्यांच्या मोजमापांतून दिसले. ऋणभार आणि बंधाचे बळ यांचा संबंध त्यामुळे आणखी दृढ झाला. मात्र भार जसजसा वाढतो, तसतशी बंध व प्रोटॉन-प्रदान यांमधील सीमारेषाही पुसट होत जाते. हायड्रोजन बंधाची व्याख्या करणेच किती नाजूक काम आहे, हे पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवरही मान्य झाले. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने नेमलेल्या कार्यगटाने २०११ मध्ये या बंधाची नवी व्याख्या प्रसिद्ध केली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे ई. अरुणन हे त्या कार्यगटाचे प्रमुख होते. बंध जुळल्याचा पुरावा असणे ही अट व्याख्येतच समाविष्ट करण्यात आली, ही बाब येथे लक्षणीय आहे.

७. ओळखीपासून हालचालीपर्यंत

बंधाचे बळ विभवाने बदलता येते, तर त्या बदलाकडून काम करून घेता येईल काय, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न होता. १९९४ मध्ये फ्रेझर स्टॉडार्ट, एंजल काइफर व सहकाऱ्यांनी दांड्यात ओवलेल्या वलयाची जागा विद्युत-रासायनिक मार्गाने बदलून दाखवली होती. परंतु त्या रचनेत हायड्रोजन बंधाची भूमिका प्रमुख नव्हती. डेव्हिड ली व त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी हायड्रोजन बंधावर आधारलेली रचना निवडली. तिच्यातील दांड्यावर दोन थांबे होते : एक अमाइड गटांचा व दुसरा नॅफ्थलिमाइडचा. उदासीन अवस्थेत वलय अमाइड गटांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असते. नॅफ्थलिमाइडला इलेक्ट्रॉन मिळाला की तो अधिक समर्थ ग्राहक ठरतो आणि वलय त्याच्याकडे सरकते. इलेक्ट्रॉन काढून घेतला की ते मूळ जागी परतते. हा इलेक्ट्रॉन २००१ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने, तर २००३ मध्ये इलेक्ट्रोडच्या साहाय्याने पुरवण्यात आला. रेणवीय यंत्रांच्या घडणीसाठी ज्याँ-पिएर सोव्हाज, फ्रेझर स्टॉडार्ट व बर्नार्ड फेरिंगा यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा या व्यापक प्रयत्नाची दखल घेतली गेली.

या यशाची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक प्रयोग क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन किंवा डायमिथिलफॉर्मामाइड यांसारख्या विद्रावकांत झाले. पाण्याचे रेणू स्वतःच हायड्रोजन बंधांचे दाते व ग्राहक असल्यामुळे यजमान आणि पाहुणा यांच्यामधील बंध पाण्यात निष्प्रभ होतात. प्रथिने ही अडचण आपल्या अंतर्भागातील कोरड्या कप्प्यांच्या साहाय्याने दूर करतात. प्रयोगशाळेतील विद्रावक म्हणजे एका अर्थाने त्या कप्प्याचीच ढोबळ प्रतिकृती होय.

समारोप

लिंगेन यांचे समीकरण १९४१ पासून आणि डीएनएच्या जोड्या १९५३ पासून उपलब्ध असताना त्यांचा मिलाफ होण्यास १९९५ उजाडावे लागले. प्रोटॉन न देणारी विद्रावके आणि अचूक उपकरणे यांची प्रतीक्षा हे त्याचे एक कारण होते. ज्ञानाची विभागणी हे दुसरे व तितकेच महत्त्वाचे कारण होते. बंधनाचा अभ्यास सेंद्रिय व जीवरसायनशास्त्राकडे, विभवाचा भौतिक रसायनशास्त्राकडे आणि धातू-आयनांचा असेंद्रिय रसायनशास्त्राकडे, अशी वाटणी पिढ्यानपिढ्या रूढ झाली होती. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतील प्रश्नपत्रिकांचे विभाजनही बहुधा याच रेषांवरून झालेले असते. चौकोनाच्या आडव्या बाजू एका तासाला व उभ्या बाजू दुसऱ्या तासाला शिकवल्या गेल्या, तर चौकोन पूर्ण होण्याची संधी विद्यार्थ्याला क्वचितच मिळते.

फिशर यांचे रूपक या इतिहासाने मोडीत काढलेले नाही. त्याची व्याप्ती वाढवली आहे. कोणती किल्ली कोणत्या कुलपाला लागते हे आकार ठरवतो. ती किती घट्ट बसेल आणि केव्हा निसटेल, हे रेणूवरील एका इलेक्ट्रॉनाच्या असण्या-नसण्यावर अवलंबून राहू शकते. फ्लेविन व क्विनोन यांना सामावून घेणारी प्रथिने हे तत्त्व अनादी काळापासून वापरत आली आहेत. रसायनशास्त्राला ते गवसले ते विभवमापकावरील दीडशे मिलिव्होल्टच्या सरकण्यातून आणि त्या सरकण्याचा अर्थ लावताना बाळगलेल्या सावधगिरीतून.